पाटीवरचे शहात्तर

रविवार, २७ नोव्हेंबर २००५. वडसा.

लग्नाआधीच्या नोकरीतलं पगारपत्रकाचं एक जास्तीचं रजिस्टर पेटीत निघालं. तेव्हा छापखानेवाल्याने परत घेतलं नाही आणि फेकून द्यायला माझा जीव होत नाही. म्हणून रोजनिशी यातच. पानावर रकाने आहेत: अनुक्रमांक, नाव, हजेरी, दर, एकूण, सही किंवा अंगठा. असू देत बापडे. मी ते ओलांडून आडवं लिहीन.

मराठीत लिहिते, कारण अयूब उर्दू शाळेत शिकला. बाजारात मराठी फाडफाड बोलतो, पण हाताने लिहिलेलं मराठी अक्षर समोर आलं की त्याच्या डोळ्यांपुढे मुंग्या चालायला लागतात. नवऱ्यापासून लपवावं असं माझ्याकडे काही नाही. तरी बाईची एखादी वही तिची एकटीची असावी.

तर खबर अशी की आज वाजिदभाई घरी आले. राइस मिलवाले. अयूबचे लहानपणचे दोस्त, मला बहीण मानतात, दर ईदला कापड पाठवतात. पगाराचा कायदा बदलला, दंड वाढला, शेजारच्या मिलवर कामगार खात्याचा साहेब येऊन गेला, म्हणून सारे मिलवाले घाबरलेत. मला म्हणाले, "नाहीद, तू लग्नाआधी चंद्रपूरले त्या वकिलाकडे हेच काम करत होती ना? माही मिल कायद्यात बसवून दे. महिन्याचे पैसे देईन, फुकट नाई."

लग्नाला चौदा वर्षं झाली. तुला काय येतं, असं चौदा वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहत राहिले आणि इकडे चहा उतू गेला. अयूब म्हणाला, "कर ना. घरात बसून डोकं गंजून राह्यलं तुह्यं." माहेरी दोन दिवस जाते म्हटलं तर कपाळाला आठ्या घालणारा माणूस, आज लगेच हो म्हणाला. अल्लाह देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात, ते हेच असावं.

बुधवार, ७ डिसेंबर

मिलवर गेले. कायदा राहू दे, साधी हजेरीची वही नाही. खुशाल नावाचा दिवाणजी खिशातल्या डायरीत उभ्या रेघा मारतो. कोणाच्या रेघा ते त्यालाच ठाऊक. एकतीस बाया, नऊ हमाल. बाया धान वाळवतात, चाळतात, पाखडतात. कोंड्याने सगळ्यांच्या पापण्या पांढऱ्या झालेल्या.

त्यांच्यात म्होरकी बायनाबाई. पन्नाशीची असेल, बारीक, आवाज मात्र धान भरडणाऱ्या हालरच्या वर जाणारा. एकवीस वर्षं याच मिलमध्ये आहे. मी विचारलं, "तुमचे दिवस तुम्ही कसे मोजता?" तर म्हणाली, "वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यात चिचोके टाकतो ना बाई. कामावर गेली का एक चिचोका. चुकाऱ्याच्या दिवशी, पगार भेटला का, ओतून मोजतो." आणि खुशालकडे बोट करून, "ह्याच्या रेघा चुकतात, माहे चिचोके नाई चुकत."

बाया हसल्या. खुशालही हसला, पण जरा उशिरा.

मी त्यांना सांगितलं की आता चिंचोक्यांची गरज नाही, मी पक्की रजिस्टरं करून देणार आहे. बायनाबाई म्हणाली, "करा. चिचोके काई खायाले मांगत नाई."

सोमवार, १९ डिसेंबर

आज वाजिदभाईंना बसवून सगळं समजावलं. पगार महिन्याच्या सात तारखेच्या आत. हजेरीपत्रक, पगारपत्रक. दराची पाटी दर्शनी भागात. सरकारी दर रोज शहात्तर रुपये, ते देतात चाळीस. शहात्तर ऐकून तोंड आंबट करतील असं वाटलं होतं, पण म्हणाले, "कायदा हाये तर देऊ. पाटी मोठी कर, लांबून दिसली पायजे." असा माणूस लाखात एक.

आणि कनकी. रोज संध्याकाळी प्रत्येक बाईला दोन शेर कनकी मिळते, तुटके तांदूळ, पदरात बांधून नेतात. मी स्पष्ट सांगितलं की मजुरी नाण्यानोटांत द्यायची असते, धान्यात चालत नाही. वाजिदभाई खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे कनकी बंद करायची? कायदाच म्हणते?" मी म्हटलं, कायदाच म्हणतो. त्यांनी खुशालला हाक मारली आणि मला ते परत एकदा सगळ्यांपुढे म्हणायला लावलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. कॉलेज सुटल्यावर पहिल्यांदाच पाच माणसं माझं ऐकत उभी होती.

बाया परत चाळणीकडे वळल्या. निघताना बायनाबाईने फाटकाजवळ गाठलं. "कनकी भीक नाई बाई. शेठच्या बापाच्या टायमाले आमी सहा दिवस या फाटकात बसलो. माही पोरगी अंगावर पेत होती. तवा बुढा शेठ म्हने, रोख नाई वाढवत, रोज दोन शेर कनकी घ्या. ते आमचं ठरलं हाये."

मला हे ठाऊक नव्हतं. मी मिलवाल्यांची मेहेरबानी समजत होते. पण चाळीस आणि कनकी कुठे, शहात्तर कुठे? मी तिला म्हटलं, "दाम वाढतील. माझी जबान आहे." तिने पदर खोचला. मग म्हणाली, "कायदा बाबासाहेबाच्या वक्तापासून आपल्या बाजूनं हाये. तुमी वाचलेली बाई. ठीक हाये."

बुधवार, ४ जानेवारी २००६

खाती उघडली. एकतीस बाया, एक ट्रॅक्टरची ट्रॉली, आणि त्यात मी. फोटो काढताना मंगलीने, ती सगळ्यांत लाजरी, डोळे इतके घट्ट मिटले की फोटोवाल्याने तीनदा काढला. अर्ध्या बायांचा जन्मातला पहिला फोटो. पासबुकावर आपलाच चेहरा पाहून हसत होत्या, एकमेकींना दाखवत होत्या. मी सगळ्यांना चहा पाजला, माझ्या पैशाने.

खाती बँकेत नाहीत, पतसंस्थेत आहेत. वाजिदभाई तिचे संचालक आहेत. मी म्हटलं, बँक बरी नव्हती का? ते म्हणाले, "बँकेत या बायांइले दिवसभर उभं ठेवतात. इथं आपली माणसं हायेत." पटण्यासारखं होतं.

अयूबच्या दुकानात, तो विजेच्या मोटारी दुरुस्त करतो, तांब्याची तार गुंडाळायचं नवीन वाइंडिंग मशीन आलं. आता मिलच्या मोठ्या मोटारी तो इथेच बांधू शकेल, नागपूरला पाठवायला नको. मी विचारलं, एवढे पैसे? म्हणाला, हप्त्यावर. कागद कुठे, तर दुकानात. आमच्या घरावर यंदा बरकत उतरली आहे.

शुक्रवार, १३ जानेवारी

परवा ईद झाली. वाजिदभाईंकडून या वर्षी कापड नाही, सिल्कची साडी. मिलच्या सगळ्या बायांना त्यांनी नाटकाची तिकिटं काढून दिली. वडशात सध्या गल्लीगल्लीत नाटक कंपन्यांचे फलक आहेत. बाया खूश होत्या.

कामाचं सांगायचं तर एक अडचण होती, ती सुटली. पैसे काढायला बाई पतसंस्थेत गेली की तिचा दिवस बुडतो. वाजिदभाई म्हणाले, पैसे काढायच्या चिठ्ठ्यांवर आधीच अंगठे घेऊन ठेवू, खुशाल पैसे आणेल आणि बाजाराच्या दिवशी हातात देईल. पासबुकंही मिलच्या कपाटात ठेवू, घरी उंदीर कुरतडतात. बारा महिन्यांच्या बारा चिठ्ठ्या, एकतीस बाया. मागे साक्षीदार म्हणून माझी सही: "रक्कम समजावून सांगितली. अंगठा माझ्यासमोर." रक्कम कोरी, कारण हजेरी महिन्याच्या शेवटी कळणार. तीनशे बहात्तर सह्या केल्या. मनगट दुखत आहे.

बायनाबाई पासबुक द्यायला तयार नव्हती. चोळीत धरून बसली होती. मी रागावले. म्हटलं, "माझ्यावर भरवसा नाही का?" तेव्हा काढून दिलं. गरम होतं ते.

शनिवार, ११ फेब्रुवारी

आणखी दोन मिलवाले आले. मी दरवाजावर पाटी लावली: नाहीद शेख, कामगार कायदा सल्ला. रंगाऱ्याने "सल्ला"वर अनुस्वार कुठून आणला देव जाणे, तो पुसायला लावला. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, कोंबडी बांग द्यायला लागली.

मिलमध्ये दराचीही पाटी लागली. पिवळ्यावर काळं, फाटकातून दिसते. मधोमध मोठे शहात्तर.

बाया मात्र बदलल्या. आधी गेले की मंगली खाट झाडून बसायला द्यायची. आता वळूनही पाहत नाही. पगार दुपटीला आला तर माणसाने निदान हसावं. गरज सरो वैद्य मरो. मी अयूबजवळ बोलले तर म्हणाला, "त्याइच्या नादी लागू नको. तू कागद सांभाळ. बाजाराच्या दिवशी तिकडं जाऊ पण नको, गर्दी असते."

मंगळवार, २१ फेब्रुवारी

मिलवरून अयूबने कनकीचं अर्धं पोतं आणलं, माझ्या कोंबड्यांसाठी. आता बायांना द्यायची नसल्याने ढीग पडला आहे म्हणे, वाजिदभाई ट्रकने विकतात. कोंबड्या तुटून पडल्या.

दुपारी बायनाबाई आमच्या गल्लीतून चालली होती. कोंबड्यांजवळ थांबली. खाली पाहून म्हणाली, "बाई, थोडी कनकी विकत द्याल का?" मी म्हटलं, "आता तुमच्याकडे पैसे आहेत, चांगला तांदूळ घ्या की." आणि तरीही एक शेर दिली, फुकट. तिने पैसे काढले, मी घेतले नाहीत. ती कनकी तिथेच ओट्यावर ठेवून निघून गेली. ताठा बघा. असो, माझ्या कोंबड्यांचं पोट भरलं.

गुरुवार, १६ मार्च

आज साहेब आले, तपासणीला. तीन तास बसले. माझी रजिस्टरं एकेक पान उलटून पाहिली आणि म्हणाले, "नमुनेदार. बाकीच्या मिलना दाखवा." हे मी दोनदा लिहिणार आहे. नमुनेदार.

मग बायांना बोलावलं. खुशाल बाजूला उभा. साहेबांनी बायनाबाईला विचारलं, "पगार पाटीप्रमाणे मिळते का?" तिने पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "मले का समजते साहेब? नाहीदबाईले इचारा." साहेबांनी मला विचारलं. मी म्हटलं, "मिळतो." खाली मान घालून ती परत चाळणीवर जाऊन बसली.

वाजिदभाईंनी साहेबांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवला. "माही बहीण हाये."

शुक्रवार, १४ एप्रिल

जसं झालं तसं लिहिते.

आज जयंती. दुपारी बायनाबाई दारात आली. पांढरं लुगडं, हातात तुंबा. मागे मुखरू, मिलमधला हमाल. अयूब दुकानात होता. मी पाणी दिलं, तिने घेतलं नाही. म्हणाली, "एक इचारायचं हाये. त्या पिवळ्या पाटीवर का लिवलं हाये?"

मी म्हटलं, तुमचा दर. शहात्तर.

तिने मुखरूकडे पाहिलं. मुखरूला अक्षर येत नाही, पण काट्यावर रोज वजनं पाहून आकडे येतात. तो म्हणाला, "शाहात्तर हाये हे मले ठाऊक होतं. आमाले वाटलं पोत्याचं वजन लिवलं हाये. पोतं तेवढंच तर भरते." आज विहारात भाषणात एका मास्तरने सरकारी दर सांगितला, तेव्हा त्याच्या डोक्यात ट्यूब पेटली.

मी विचारलं, "मग तुमच्या हातात किती येतात?"

"पंचेचाळीस."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बायनाबाईने तुंबा ओट्यावर ओतला. मार्चचे चोवीस चिंचोके. "चोवीस दिस. एक हजार ऐंशी भेटले. तुमी म्हनलं होतं दाम वाढल. पाच रुपये वाढले. आमाले वाटलं, कायदा पाच रुपयाचाच हाये. अन् कनकी गेली."

मी आत जाऊन पगारपत्रकाची माझी नक्कल आणली. मार्च, बायनाबाई, हजेरी चोवीस, दर शहात्तर, एकूण अठराशे चोवीस. माझंच अक्षर.

तिने विचारलं नाही की तुम्हाला माहीत होतं का. विचारलं असतं तर बरं झालं असतं. ती चिंचोके एकेक करून परत तुंब्यात भरत बसली. मी मदत करायला हात पुढे केला तर म्हणाली, "राहू द्या. माहे हायेत."

शनिवार, १५ एप्रिल

पतसंस्थेत गेले. खाती उघडून दिली म्हणून तिथला पोरगा मला मान देतो, त्याने खतावणी दाखवली. दर महिन्याला पूर्ण पैसे जमा, दुसऱ्या दिवशी पूर्ण पैसे काढलेले. बायांचे अंगठे, माझ्या सह्या. जिथे पाहावं तिथे माझी सही, वळणदार.

तिथून सरळ मिलवर. वाजिदभाईंनी खुर्ची दिली, पंखा लावला, लस्सी मागवली. माझं सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "नाहीद, शहात्तर दिले तर मिल दोन महिन्यांत बंद होते. मंग या बाया कुठी जातील? मी त्याइले जगवून राह्यलो. आणि तू कोणाजवळ बोलशील तर बोल. पण चिठ्ठीवर सही कोणाची हाये? रक्कम समजावून सांगितली असं कोणी लिवलं?"

मग हसून, "घरात इचार आधी."

सोमवार, १७ एप्रिल

दोन दिवस विचारायची हिंमत झाली नाही. आज विचारलं. मशीनचे हप्ते कुठे भरतोस?

अयूब भाकरी तोडत होता. तोडतच राहिला. म्हणाला, हप्ते नाहीत. वाजिदने दिलं. नोव्हेंबरमध्येच ठरलं होतं. बाहेरच्या वकिलाला हे काम दिलं असतं तर त्याने हिस्सा मागितला असता, नाही तर धमकी दिली असती. घरातली बाई बरी.

म्हणजे त्या रविवारी चहा उतू गेला तेव्हा हे दोघे एकमेकांकडे पाहत असणार. माझं लक्ष भांड्याकडे होतं.

मी म्हटलं, "तू मला विकलंस." तो चिडला. "तुले का वाटलं, वाजिद तुह्या हुशारीवर फिदा झाला? चौदा वर्षांनी?"

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते आज कळलं. वाजिद परका आहे, त्याचं जाऊ द्या. हा माझ्या ताटात जेवतो. मी सह्या करून आले तेव्हा याने माझ्या मनगटाला तेल चोळून दिलं होतं, आणि किती सह्या झाल्या ते विचारलं होतं. मला वाटलं, काळजी आहे.

कनकीचं पोतं उचलून मी गल्लीत नालीत ओतलं. कोंबड्या मागे धावल्या. शेजारीण पाहत होती, पाहू दे.

बुधवार, २६ एप्रिल

बायनाबाईला कामावरून काढलं. खुशालने फाटकातच सांगितलं, उद्यापासून येऊ नको. तिने गडचिरोलीला कामगार कार्यालयात तक्रार दिली. जयंतीच्या मास्तरने लिहून दिली. बाकी तीस जणींपैकी एकीनेही अंगठा दिला नाही. मंगली म्हणाली म्हणे, एकदा अंगठा दिला तेवढा पुरे झाला.

मी तिच्या घरी गेले. कुडाची भिंत, सारवलेली. तिने बसायला पाट दिला. मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं." ती म्हणाली, "आता तर माहीत हाये." आणि तांदूळ निवडत राहिली. काळा चहा दिला. मी प्यायले. मला रडू आलं, तर म्हणाली, "रडू नका बाई. मले माह्या एकवीस वर्सांचं पायजे. मी चोर नाई, येवढं कोनी लिवून देल्लं तरी पुरे. खुशाल साऱ्या गावात सांगून राह्यला का म्या चाळनीतून तांदूळ चोरले म्हून काढलं."

मंगळवार, ९ मे

समन्स आलं. मिलतर्फे साक्षीदार: नाहीद अयूब शेख. वाजिदभाईंचा वकील घरी येऊन काय बोलायचं ते शिकवून गेला. चारच वाक्यं आहेत. अयूब त्याला पानसुपारी देत होता.

तो गेल्यावर अयूब माझ्याजवळ येऊन बसला. नरम आवाजात म्हणाला, "नाहीद, खरं बोलशील तर पहिले तूच आत जाशील. सह्या तुह्या हायेत. मी तुह्यासाठीच सांगून राह्यलो." यातलं अर्धं खरं आहे, तेच वाईट.

गुरुवार, १८ मे

सुनावणी झाली. लिहायची लाज वाटते, पण ही वही तरी खोटी होऊ नये.

वकिलाने माझी रजिस्टरं टेबलावर मांडली. मार्चला ज्यांनी नमुनेदार म्हटलं तेच साहेब. बायनाबाईने तुंबा टेबलावर ठेवला. वकील हसला. "साहेब, हे चिंचोके आहेत. भाजून खायचे का पुरावा म्हणून घ्यायचे?" दोन-तीन लोकही हसले. साहेब हसले नाहीत, पण म्हणाले, "बाई, चिंचोक्यावर तारीख नसते. दुसरं काही आहे का? त्या वेळचं लिहिलेलं?"

ती म्हणाली, "मले लिवता येत नाई साहेब."

मग मला विचारलं, मजुरी पूर्ण दिली जात होती का? मी म्हटलं, "मला आठवत नाही." ना वकिलाचं वाक्य, ना खरं. दोन्ही दगडांवर पाय. साहेबांनी तक्रारदाराला सोमवारपर्यंत मुदत दिली, नाही तर प्रकरण बंद.

परतीच्या एसटीत ती माझ्या पुढच्याच सीटवर होती. वडसा येईपर्यंत एकदाही वळली नाही. उतरताना तुंबा कडेवर धरला होता.

रविवार, २१ मे

त्या वेळचं लिहिलेलं.

तीन दिवस हेच शब्द डोक्यात आहेत. आज सकाळी ही वही पहिल्यापासून वाचली. सात डिसेंबर, चिंचोके. एकोणीस डिसेंबर, कनकी, सहा दिवस फाटकात बसल्याची गोष्ट, आणि माझी जबान. तेरा जानेवारी, कोऱ्या चिठ्ठ्या, तीनशे बहात्तर. चौदा एप्रिल, चोवीस दिवस, एक हजार ऐंशी. पंधरा एप्रिल, वाजिद काय बोलला. प्रत्येकावर तारीख आहे.

आणि ओट्यावर टाकून गेलेली कनकी, आणि माझा "मिळतो". तेही आहे. वाचताना दोनदा वाटलं की ही पानं फाडावीत. पण रजिस्टरच्या पानांना छापखान्यातून आकडे टाकलेले असतात, एक फाडलं तरी कळतं. कायद्याचीच सोय आहे ती, मीच बायांना मोठ्या तोऱ्यात सांगितली होती.

अयूब मघाशी डोकावून गेला. विचारलं, "अजून रजिस्टर लिवून राह्यली?" मी म्हटलं, "शेवटचं पान आहे." तो वहीत डोकावला. अक्षर त्याला लागत नाही. मग म्हणाला, "उद्या आठवत नाही एवढंच म्हण. मशीन जाईल, दुकान जाईल, आपण कुठी जाऊ?" हे त्याने वाजिदला विचारायला हवं होतं, नोव्हेंबरमध्ये. मी तसं म्हटलं. तो चप्पल घालून निघून गेला.

उद्या सकाळच्या पहिल्या एसटीने गडचिरोली. वही बायनाबाईच्या हातात देणार, आणि तिने ती साहेबांना द्यायची. मी देणार नाही. पासबुक मी तिच्या हातून घेतलं होतं, तेवढं तरी परत करावं.

आडवं लिहीत आले, या पानाच्या तळाशी मात्र रकाने रिकामे आहेत. ते भरते.

अनुक्रमांक एक. नाव, नाहीद अयूब शेख. हजेरी, सत्तावीस नोव्हेंबरपासून आजपर्यंत. दर, एक सिल्कची साडी आणि नवऱ्याचं मशीन. एकूण, वर लिहिलं आहे ते सगळं.

शेवटच्या रकान्यात सही करणार होते. मला सही येते, चांगली येते, पण ती आता तीनशे बहात्तर खोट्या कागदांवर आहे. म्हणून बायांसाठी आणलेलं शाईचं पॅड काढलं आणि अंगठा दाबला. सवय नाही, जरा पसरला.